कोळ्यावर कोळी : हरितगृहातील परभक्षी कोळ्यांची ओळख

परभक्षी कोळी म्हणजे पिकाला उपद्रव देणारे कोळी, फुलकिडे आणि पांढऱ्या माशीची अंडी-पिल्ले खाऊन जगणारे आठ पायांचे सूक्ष्म जीव. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते कीटक नव्हेत. गोचीड आणि जाळे विणणारा कोळी यांच्या गोतातले आहेत. हरितगृहात सोडले जाणारे बहुतेक परभक्षी कोळी फायटोसिइडी या एकाच कुळातले. या कुळातल्या दोन हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले असले, तरी व्यवहारात उतरल्या त्या अगदी मोजक्या. या मोजक्या जातींनी काकडी, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी आणि गुलाब यांच्या बंदिस्त शेतीत अनेक देशांतली फवारणीची पद्धत बदलून टाकली.

त्यांची गरज निर्माण केली ती मुख्यतः एका किडीने. टेट्रानिकस अर्टिकी हे तिचे शास्त्रीय नाव. शेतकरी तिला लाल कोळी म्हणतात, जरी एरवी तिचा रंग पिवळसर हिरवा असतो आणि पाठीवर दोन काळपट डाग असतात. पानाच्या खालच्या बाजूला बसून हा कोळी एकेका पेशीत सोंड खुपसतो आणि रस शोषतो. वरून पाहणाऱ्याला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके तेवढे दिसतात. पुढे पान तांबूस पडते, शेंड्याकडे बारीक जाळी धरते आणि जाळी दिसू लागली की वेळ बहुधा टळून गेलेली असते. तीस अंश तापमानाला अंड्यापासून प्रौढ कोळी व्हायला आठवडाभर पुरतो. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते, आणि नर भेटला नाही तरी अडत नाही: न फळलेल्या अंड्यांतून नर निपजतात. एकच मादी कपड्यांना किंवा रोपाला चिकटून आत आली तरी वसाहत उभी राहते. एक हजाराहून अधिक वनस्पतींवर हा कोळी जगू शकतो, त्यामुळे हरितगृहात पीक बदलूनही त्याची उपासमार होत नाही.

उघड्या शेतात त्याच्यावर बऱ्याच गोष्टींचा वचक असतो. पाऊस त्याला धुऊन काढतो, वारा आणि थंडी वाढ रोखतात, बांधावरचे शत्रू ताव मारतात. हरितगृहात हे सगळे वजा होते. उष्ण, कोरडी, निवाऱ्याची जागा, नत्र भरपूर दिलेली लुसलुशीत पाने आणि खाणारे कोणी नाही. किडीला रान मोकळे मिळते. माणसाने पिकासाठी जी सोय केली, तिचा पहिला लाभ कोळ्याने उठवला, हे हरितगृहाच्या इतिहासात पुन्हापुन्हा दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधे आली तेव्हा हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. घडले उलटे. डीडीटीने कोळी फारसा मरत नव्हता; मरत होते ते त्याचे शत्रू. फळबागांत आणि काचघरांत एरवी दुय्यम असलेली ही कीड पहिल्या क्रमांकावर आली. कोळ्यासाठी म्हणून जी खास औषधे निघाली तीही एकेक करून बोथट ठरली. पिढी इतक्या झपाट्याने बदलते, की औषध न लागणारे मोजके कोळी एका हंगामात बहुसंख्य होऊन बसतात. औषधांना दाद न देण्याच्या बाबतीत जगातल्या सर्वांत निर्ढावलेल्या किडींत आज लाल कोळ्याची गणना होते.

जैविक उपायाची पायवाट त्याआधीच पडलेली होती. १९२६ साली इंग्लंडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीची पिल्ले काळी पडलेली दिसली आणि चेसहंटच्या संशोधन केंद्रात स्पेयर यांनी त्यामागचा परजीवी गांधीलमाशीसारखा कीटक, एन्कार्सिया फॉर्मोसा, ओळखला. तो काही वर्षे वाटला गेला, नंतर डीडीटीच्या लाटेत मागे पडला. कोळ्याच्या बाबतीत योगायोगाने साथ दिली. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर डोसे या संशोधकाला एक तांबूस, चपळ परभक्षी कोळी आढळला. फायटोसियुलस पर्सिमिलिस या नावाने त्याचे वर्णन वर्षभरापूर्वीच, अल्जीरियातल्या नमुन्यांवरून, अथियास-आँरिओ यांनी केलेले होते. जर्मनीतून तो नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांत पोहोचला. नेदरलँड्समधल्या बेर्केल एन रोडेनरेइस या गावचे काकडी उत्पादक यान कॉपर्ट हे औषधांनी हैराण झालेल्यांपैकीच एक. त्यांनी स्वतःच्या काचघरात हा कोळी वाढवला, शेजाऱ्यांना दिला आणि १९६७ मध्ये त्याचा धंदा सुरू केला. या क्षेत्रातली जगातली एक मोठी कंपनी त्यातून उभी राहिली. एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला जिवंत कोळी विकणे, हेच या उद्योगाचे मूळ रूप. त्यामुळे कोळ्यासोबत सल्लागार पाठवण्याची चाल त्यात पहिल्यापासून राहिली.

पर्सिमिलिस हा लाल कोळी आणि त्याचे जवळचे भाऊबंद सोडून जवळजवळ काहीच खात नाही. पेरूच्या आकाराचे तकतकीत नारिंगी अंग आणि लांब पाय यांमुळे भिंगाखाली तो लगेच ओळखू येतो: लाल कोळी एका जागी चरत असतो, हा सतत धावत असतो. एक मादी दिवसाला पाचेक प्रौढ कोळी किंवा वीसेक अंडी-पिल्ले फस्त करते. तिची अंडी लंबगोल, लाल कोळ्याच्या गोल अंड्यांच्या दुपटीएवढी; पान तपासताना ही अंडी दिसली की परभक्षी नुसता आलेला नाही, स्थिरावला आहे, असे समजावे. अनुकूल तापमानात त्याची पिढी भक्ष्याच्या पिढीपेक्षा लवकर पूर्ण होते. गाठायला उशीर झाला तरी तो गाठतो, ते या वेगामुळे.

त्याला डोळे नाहीत. मग दहा गुंठ्यांच्या पिकात चार पानांवरचा कोळी त्याला सापडतो कसा? १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके यांनी याचे उत्तर शोधले. लाल कोळी लागलेले लिमा घेवड्याचे पान काही विशिष्ट वास हवेत सोडते. निरोगी पान सोडत नाही. नळीच्या दोन फाट्यांतून दोन प्रकारची हवा सोडली, तर उपाशी पर्सिमिलिस किडक्या पानाच्या बाजूला वळतो. वनस्पती आपल्या शत्रूच्या शत्रूला बोलावून घेते, ही कल्पना त्या वेळी अनेकांना पटण्याजोगी नव्हती. आज वनस्पती-परिस्थितिकीची एक मोठी शाखा तिच्यावर उभी आहे.

भक्ष्य आणि भक्षक यांचे गणित मात्र नाजूक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. त्यांनी ट्रेवर संत्री आणि रबरी चेंडू मांडले, संत्र्यांवर शाकाहारी कोळी सोडले आणि त्यांच्यावर परभक्षी. साध्या मांडणीत परभक्ष्याने भक्ष्य संपवले आणि मग तो स्वतः उपाशी मेला. पेट्रोलियम जेलीचे बांध घालून परभक्ष्याची वाट अडवली, आणि भक्ष्याला धाग्यावरून वाऱ्याबरोबर तरंगत जाता यावे म्हणून काड्या उभ्या केल्या, तेव्हा कुठे दोघांची चढउतार काही काळ टिकली. निसर्गात दोघे टिकतात ते लपाछपीमुळे. हरितगृहात शेतकऱ्याला हा समतोल नकोच असतो. परभक्ष्याने सगळे खाऊन उपाशी मरावे, हीच त्याची इच्छा. म्हणून पर्सिमिलिस एकदा सोडून भागत नाही. कीड परत दिसली की तो पुन्हा आणावा लागतो.

किती आणि कधी, हाच खरा प्रश्न. सर्वसाधारण शिफारस अशी, की कीड नुकती दिसू लागली असेल तर चौरस मीटरला पाच-सहा, आणि प्रादुर्भाव असलेल्या ठिकाणी वीस ते पन्नास परभक्षी सोडावेत. दहा परभक्षी आणि हजार लाल कोळी अशी गाठ पडली, तर परभक्षी जिंकेलही, पण तोवर पाने हातची गेलेली असतील. इंग्लंडमधल्या लिटलहॅम्प्टन येथील काचघर संशोधन संस्थेत हसी आणि पार यांनी १९६० च्या दशकात यावर एक धाडसी तोडगा सुचवला: आधी लाल कोळीच मुद्दाम सगळ्या पिकात सारखा पसरावा आणि मग काही दिवसांनी परभक्षी सोडावा. कीड कुठे आहे हे शोधण्याचा त्रास वाचतो आणि परभक्ष्याला सगळीकडे सारखे खाद्य मिळते. शास्त्र बिनचूक होते, आणि काकडीच्या पानांचा सुमारे ३० टक्के भाग बिघडेपर्यंत उत्पादन घटत नाही हेही त्यांनी दाखवले होते. पण ज्या किडीसाठी आयुष्यभर पंप पाठीवर घेतला, ती आपल्याच हाताने पिकात पसरायला उत्पादक सहजी धजले नाहीत. पद्धत बरोबर असणे आणि ती वापरली जाणे यांत किती अंतर असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पर्सिमिलिसचा एककलमी आहार हेच त्याचे बळ आणि हीच उणीव. कीड येण्याआधी त्याला पिकात ठेवता येत नाही. फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यावर तर तो निरुपयोगीच. तिथे दुसऱ्या प्रकारचे परभक्षी लागतात: किडीबरोबर परागकणही खाणारे, आणि म्हणून शिकार नसतानाही पिकात तळ ठोकून राहणारे. निओसियुलस कुकुमेरिस हा त्यांतला जुना. तो फुलकिड्यांची अगदी कोवळी पिल्ले तेवढी मारतो. प्रौढ फुलकिडा त्याला आवरत नाही, आणि पानाच्या आत घातलेली अंडी त्याच्या हाती लागत नाहीत. तेव्हा तो संख्येने भरपूर आणि आधीपासून हवा. ही अट पूर्ण झाली ती कागदी पुडीमुळे. पुडीत कोंडा, कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी आणि त्यांना खाणारे परभक्षी अशी छोटी वसाहत असते. पुडी झाडाला लटकवली की तिच्या भोकातून चार-सहा आठवडे परभक्षी बाहेर पडत राहतात. उसात ट्रायकोकार्ड लावणाऱ्याला ही कल्पना नवी वाटणार नाही, फरक एवढाच की कार्डातून एकदाच पिढी निघते आणि पुडी स्वतःच पैदास करत राहते.

या गटातला सर्वांत यशस्वी ठरला तो ॲम्ब्लिसियस स्विरस्की. इस्रायलमधल्या बदामाच्या झाडावर मिळालेल्या नमुन्यांवरून १९६२ मध्ये त्याचे वर्णन झाले, पण त्यानंतर चाळीसेक वर्षे त्याची बाजारात कोणी दखल घेतली नाही. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या प्रयोगांत तो पांढऱ्या माशीची अंडी आणि पिल्ले खातो हे स्पष्ट झाले, सुकामेव्यावरच्या कोळ्यावर त्याची स्वस्तात पैदास जमली आणि २००५ मध्ये तो विक्रीला आला. फुलकिडे, पांढरी माशी आणि ढोबळी मिरचीचा शेंडा आखडवणारा पिवळा कोळी, या तिघांवर तो चालतो, उष्णताही सोसतो. मिरचीच्या पानात शिरा जिथे फुटतात तिथल्या केसाळ कोनाड्यांत तो राहतो आणि फुलांतल्या परागांवर कीड येईपर्यंत गुजराण करतो.

त्याच सुमारास स्पेनमधल्या अल्मेरियात त्याला मैदान मिळाले. तीस हजार हेक्टरांच्या आसपास प्लॅस्टिकखालची शेती असलेला हा प्रदेश युरोपला हिवाळी भाजी पुरवतो. २००६ च्या अखेरीस तिथल्या ढोबळी मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या परवानगी नसलेल्या औषधाचे अंश जर्मनीत सापडले आणि दुकानदारांनी माल नाकारायला सुरुवात केली. त्याआधी वर्षानुवर्षे प्रात्यक्षिके होऊनही जैविक नियंत्रणाखालचे क्षेत्र तुरळक होते. पुढच्या दोन-तीन हंगामांत मिरचीचे बहुतांश क्षेत्र त्याखाली आले. कोळी तयार होता, शास्त्र तयार होते. हलवले ते बाजाराने. शेतकरी पर्यावरणाच्या कळवळ्याने बदलला असे म्हणणाऱ्यांनी अल्मेरियातली २००६ च्या आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवून पाहावी.

पिकाप्रमाणे यश बदलते. मिरची आणि काकडी सोपी. काकडीच्या हरितगृहातल्या जाती परागाविना फळ धरतात, त्यामुळे तिथे स्विरस्कीला वरून पराग पुरवावा लागतो; त्यासाठी तळ्याकाठच्या पाणकणसाचे पराग गोळा करून विकले जातात. टोमॅटो अवघड. त्याच्या देठा-पानांवरच्या चिकट लोमांत परभक्षी अडकून पडतात. गुलाबात खालच्या फांद्या वाकवून ठेवण्याची जी पद्धत आहे ती परभक्ष्यांच्या पथ्यावर पडते: फुलांचे दांडे कापून बाहेर जातात, वाकवलेली पाने जागेवर राहतात आणि परभक्ष्यांची बीजसंख्या तिथे टिकते. केनियात नैवाशा सरोवराकाठच्या निर्यातक्षम गुलाबशेतीत पर्सिमिलिसचा मोठा वापर होतो.

औषध आणि परभक्षी यांचा मेळ घालणे हा सर्वांत किचकट भाग. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा पानावरचा अंश कित्येक आठवडे परभक्ष्याला मारक राहतो. म्हणजे गेल्या महिन्यात केलेली फवारणी या महिन्यात सोडलेला कोळी खाते. गंधकाचा धूर भुरीसाठी वापरला जातो, तोही अनेक जातींना सोसत नाही. बायफेनाझेटसारखी काही कोळीनाशके परभक्ष्याला तुलनेने सौम्य आहेत आणि प्रादुर्भावाच्या ठिकाणापुरती वापरता येतात. म्हणून परभक्षी मागवण्याआधी फवारणीची वही तपासणे हे पहिले काम. ज्याच्याकडे वही नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

हाताळणीतही माल जिवंत आहे हे विसरून चालत नाही. पर्सिमिलिस वाढवण्यासाठी तीन वेगळी दालने लागतात: पहिल्यात स्वच्छ घेवडा, दुसऱ्यात लाल कोळी लावलेला घेवडा, तिसऱ्यात परभक्षी. तिसऱ्या दालनातला एखादा कोळी कामगाराच्या बाहीवरून दुसऱ्यात गेला, की खाद्याची पैदासच कोसळते. म्हणून कामगाराची फेरी नेहमी स्वच्छ दालनाकडून परभक्ष्याकडे, उलट कधीच नाही. तयार कोळी व्हर्मिक्युलाइटमध्ये मिसळून बाटलीत भरतात. बाटली आठ-दहा अंशांवर आडवी ठेवायची आणि एक-दोन दिवसांत वापरायची. परभक्षी वरच्या टोकाला गोळा होतात, त्यामुळे शिंपडण्याआधी ती आडवी धरून हलके फिरवावी लागते. नाही तर पहिल्या ओळीला सगळे कोळी आणि शेवटच्या ओळीला नुसते व्हर्मिक्युलाइट मिळते.

मर्यादाही आहेत. एकाच पिकात अनेक मित्रकीटक सोडले की ते एकमेकांना खातात: मावा खाणाऱ्या ॲफिडोलिटिस माशीची अंडी स्विरस्की फस्त करतो. परदेशी जात बाहेर निसटून स्थायिक होण्याची शक्यता असते. निओसियुलस कॅलिफोर्निकस इंग्लंडमध्ये हरितगृहाबाहेर टिकून राहिल्याचे आढळले आहे. रोज या कोळ्यांत काम करणाऱ्या काही कामगारांना त्यांची ॲलर्जी होते. हे धोके रासायनिक औषधांच्या तुलनेत लहान आहेत, पण नाहीत असे नव्हे.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळी बाजू आहे. मावळातला डच गुलाब, पुणे-सातारा-नाशिक पट्ट्यातली ढोबळी मिरची आणि काकडी ही मुख्यतः नैसर्गिक वायुविजनाच्या पॉलिहाऊसमध्ये किंवा शेडनेटखाली घेतली जातात. बाजूचे पडदे उघडे असतात, कीड सतत आत येते आणि एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशीला टेकते. पर्सिमिलिसला तीस अंशांपुढे त्रास होऊ लागतो, आणि आर्द्रता साठ टक्क्यांखाली बराच काळ राहिली की त्याची अंडी सुकतात. नेमका तोच काळ लाल कोळ्याच्या चंगळीचा. पावसाळा आणि हिवाळा त्याला मानवतात, उन्हाळा नाही. फॉगरने पिकाच्या आतली हवा ओलसर ठेवता येते, पण पाणी आणि वीज दोन्ही हाताशी असतील तरच. ढोबळीच्या पानांचा बोकड्या नेमका कशामुळे हे न पाहता फवारणी होते, ही दुसरी अडचण. कडा वर वळलेल्या असतील तर फुलकिडे, खाली वळलेल्या असतील तर पिवळा कोळी, हे साधे निरीक्षणही परभक्षी निवडताना उपयोगी पडते. गुलाबात प्रश्न निराळा: फेब्रुवारीच्या मध्याला फूल परदेशी बाजारात असावे यासाठी डिसेंबरात छाटणी होते, आणि त्या मोसमात दांड्यावर एकही जिवंत कोळी चालत नाही, मग तो मित्र असो वा शत्रू.

परदेशी जाती आणायच्या तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना लागतो, आणि त्यावर विमानाने आलेला थंड माल मधल्या वाटेवर तापू द्यायचा नसतो. म्हणून देशी जातींकडे लक्ष वळले आहे. निओसियुलस लाँजिस्पिनोसस हा परभक्षी भारतात अनेक पिकांवर आपसूक आढळतो, लाल कोळ्यावर जगतो आणि इथल्या हवेला सरावलेला आहे. भारतातल्या कृषी संशोधन संस्थांत आणि विद्यापीठांत त्याच्या पैदाशीवर आणि हरितगृहातल्या वापरावर काम झाले आहे. काही परभक्षी कोळी प्रयोगशाळेत एरंडाच्या परागांवरही वाढवता येतात, आणि एरंड इकडे बांधोबांधी आहे. उत्पादनाचे प्रमाण मात्र अजून तोकडे आहे. मागणी असल्याशिवाय कोणी तीन दालने उभारत नाही, आणि हव्या त्या दिवशी हव्या तेवढ्या बाटल्या मिळत नाहीत तोवर मागणी वाढत नाही. दहा गुंठ्यांना चौरस मीटरमागे पंचवीस या हिशेबाने पंचवीस हजार कोळी लागतात, तेही ठरल्या आठवड्यात, जिवंत. त्यासाठी पैदास केंद्र पिकापासून एका दिवसाच्या अंतरावर असावे लागते.